सागवानी पॅनल

डोकं दोन पेडलांच्या मध्ये, पाठ विमानाच्या तळाच्या पत्र्यावर, पाय उलटे सीटच्या पाठीवर टाकलेले आणि दातांत टॉर्च. पॅनलच्या मागं काम करायचं तर दुसरा मार्ग नसतो. त्या फटीत मावेल असं अंग आमच्या घरात माझं एकटीचंच होतं, म्हणून तिथली सगळी कामं माझी.

"दिसतंय का काही?" बाहेरून आप्पा.

तोंडात टॉर्च असताना बोलणार कशी? मी पायाचा अंगठा हलवला. म्हणजे अजून नाही.

"वरच्या रांगेतल्या पिना बघ. सैल असतील. असणारच."

"सैल नाहीत आप्पा." हा दादा. "एकेक ओढून बघितलीय मी."

"तुला विचारलं?"

आप्पांचं पूर्ण नाव नेमगोंडा मगदूम. हवाईदलात ते विमानातली उपकरणं दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर जयसिंगपुरात त्यांनी स्पीडोमीटर आणि यंत्रमागांचे काउंटर दुरुस्त करायचं दुकान टाकलं, आणि गावाबाहेरच्या आमच्या रानात पत्र्याची शेड मारून दोन माणसं बसतील असं विमान बांधायला घेतलं. नकाशे परदेशातून मागवलेले, बाकी सगळं हातानं. माझ्या शाळेच्या दिवसांत अभ्यासाच्या पाठीमागं कायम रिव्हेट ठोकल्याचा आवाज आहे. पंख झाले, शेपूट झालं, इंजिन बसलं. शेवटी राहिलं ते पॅनल, वैमानिकाच्या पुढ्यातली ती तबकड्यांची फळी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ भरतेश. त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि पॅनलमागच्या झाडून सगळ्या वायरी त्याच्या हातच्या होत्या. वायरीच्या टोकाला एक बारकी पिन दाबून बसवायची आणि मग ती पिन कनेक्टरमध्ये खोवायची. त्या दाबण्याला क्रिंप म्हणतात. ते चुकलं तर वायर वरून ठीक दिसते आणि वेळेला दगा देते. दादाला होसूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. आप्पा म्हणाले होते, "पॅनल पुरं कर. इंजिन चालू असताना रेडिओ बोलला, की जा तुला कुठं जायचं तिकडं." आमच्या घरात आप्पांनी जा म्हटल्याशिवाय कुणी कुठं जात नसे. दादाची बॅग भरून कॉटखाली ठेवलेली होती.

आणि रेडिओ बोलत नव्हता. म्हणजे इंजिन बंद असताना छान बोलायचा. इंजिन लावलं, विमान थरथरायला लागलं, की गप्प. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांचे जुने वरिष्ठ थत्तेसाहेब पुण्याहून पॅनल बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली तर उडवायच्या परवानगीचे कागद हलणार होते.

"त्रिशू, बोल की!"

मी टॉर्च हातात घेतला. "पिना घट्ट आहेत आप्पा. एकही हलत नाही."

 मग बेंचवर टक् असा आवाज झाला.

घड्याळ.

विमानात हात घालायच्या आधी घड्याळ, अंगठी, गळ्यातलं काढून ठेवायचं, हा हवाईदलातला नियम. धातू वायरीला टेकला तर ठिणगी उडते. आप्पांनी तो आम्हांला अगदी लहानपणी लावला होता. पण ते घड्याळ आणखी एका कामाआधी काढायचे. त्यामुळं तो टक् आवाज झाला की आम्ही दोघं मान वर न करता थांबायचो. आप्पा विमानाकडं वळतात की आमच्याकडं? आई स्वयंपाकघरात असेल तर ती नळ पूर्ण सोडायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

हे आमच्या घरात. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, पाल दिसली तर केरसुणीवर घेऊन बाहेर सोडायची असं घर. आप्पा स्वतः सोडायचे. "हळू, हळू, जा बाई," असं तिच्याशी बोलत बोलत.

उंचीमापक त्यांनी तपासायला काढलं होतं. त्याच्या जागी पॅनलला वाटीएवढं गोल भोक राहिलं होतं. मी मान उचलून त्याला डोळा लावला. कॉकपिटच्या काठावरून डावीकडचं बेंच दिसत होतं, त्यावरचा व्हाइस, दांडा फिरवून वस्तू जबड्यांत आवळून धरायचा, आणि दादाची पाठ. निळा शर्ट, बगलेत उसवलेला. तो शिवायचा म्हणून मीच काढून ठेवला होता आणि राहून गेलं होतं.

"मन हितं न्हाई तुझं." आप्पांचा आवाज चढलेला नव्हता. कधीच चढायचा नाही. "धड हितं, मन होसूरला. कुठली पिन चुकवलीस?"

"एकही नाही."

अॅल्युमिनियमच्या अँगलचा फटका बसला. आधी आवाज आला, मग दादाचा खांदा खाली गेला.

"कुठली?"

"एकही नाही, आप्पा."

पाठीवर. मग मानेवर. अँगलची कड लागते, चपटी बाजू नाही. ते आम्हांला चांगलं माहीत होतं, आणि आप्पांनाही. पुढचा कानाच्या वर बसला आणि निळ्या कॉलरवर काळपट ओल पसरायला लागली. दादा हलला नाही. तो आप्पांपेक्षा हातभर उंच होता, सिमेंटचं पोतं एकटा खांद्यावर घ्यायचा. पण मार खाताना हलायचं असतं, हे आम्हांला कुणी शिकवलंच नव्हतं.

"म्हण, क्रिंप माझे चुकले. एवढंच म्हण. सोडतो तुला."

"म्हणून टाक की दादा!" मी आतून ओरडले. "म्हण आणि जा! काय जातंय तुझं!"

दादानं मान वळवून विमानाकडं बघितलं. मी त्याला दिसत नव्हते, त्याला नुसती पॅनलची पुढची बाजू दिसत असणार. तो म्हणाला, "चांगले आहेत गं. कसं म्हणू?"

आप्पांनी अँगल खाली ठेवला. फेकला नाही, जागच्या जागी ठेवला. दादाचं उजवं मनगट धरलं, हात बेंचवर ओढला, आणि बोटं व्हाइसच्या दोन जबड्यांमध्ये सारली.

"कुठल्या हातानं केलंस? ह्याच ना?"

दांडा फिरला.

मी निघायला गेले आणि अडकले. वेणी वायरींच्या जुडग्यात गुंतली होती. हिसका दिला तर मानेची शीर ताणली, वेणी सुटली नाही. टॉर्च हातातून निसटून रेडिओच्या मागं पडला, आणि त्याच्या उजेडात मला ती रेघ दिसली.

रेडिओ ट्रेमध्ये पुढून आत ढकलायचा असतो. ट्रेच्या मागच्या टोकाला कनेक्टर असतो, रेडिओची पाठ त्यात घट्ट जाऊन बसली पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर रेडिओची पाठ आणि कनेक्टर यांच्या मधून उजेड येत होता. मी नख घातलं. नख आत गेलं. पिना टोकाला जेमतेम टेकल्या होत्या. शांत असताना टेकत, थरथर झाली की सुटत.

आणि रेडिओ आत का गेला नव्हता, तेही लगेच कळलं. अॅल्युमिनियमच्या पॅनलवर आप्पांनी स्वतः एक सागवानी फळी बसवली होती. रंधून, घासून, पॉलिश करून आरशासारखी केलेली. नकाशात ती नव्हती. थत्तेसाहेब बघतच राहतील, असं ते म्हणाले होते. रेडिओचा चेहरा त्या लाकडाला टेकून अडत होता, आणि पाठ कनेक्टरपासून तेवढीच दूर राहत होती.

"आप्पा! पिना नाहीत! रेडिओ पुरता बसलेलाच नाही! लाकूड आडवं येतंय, तुमचं लाकूड!"

दांडा थांबला. मला वाटलं, संपलं.

"माझं लाकूड?" आप्पा अगदी हळू म्हणाले.

आणि दांडा पुन्हा फिरला.

दादाच्या तोंडून जो आवाज आला तो माझ्या ओळखीचा नव्हता. मी वेणी दोन्ही हातांनी धरून तोडली. म्हणजे केसच तुटले, मुळापासून, एक बट तिथंच वायरींत राहिली. गुडघा पेडलवर सोलला. कॉकपिटच्या काठावरून मी अक्षरशः खाली पडले. बेंचखाली डॉली होती, रिव्हेट ठोकताना मागून धरायचा लोखंडी ठोकळा. साबणाच्या वडीएवढा, पण उचलला की मनगट खाली जातं. तो घेतला आणि दांडा धरलेल्या हातावर मारला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. दांडा सोडला नाही.

दुसऱ्यांदा मारला तो मनगटाच्या वर, खूप जोरात. वाकडा रिव्हेट दबतो तसा बद्द आवाज झाला. आप्पा खाली बसले. बसल्यावर त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं, तो जिथं वाकू नये तिथं वाकला होता.

मी व्हाइसचा दांडा धरला आणि फिरवला. दादा किंचाळला. मी बेंचच्या पलीकडच्या अंगाला उभी होते, तिकडून सगळं उलटं होतं.

"उलटं!" आप्पा जमिनीवरून ओरडले. माझ्या आठवणीत त्यांचा आवाज चढलेला तेवढाच. "उलटं फिरवतीस, पोरी! दुसरीकडं! दुसरीकडं!"

मी दुसरीकडं फिरवलं. हात सुटला. दादानं तो शर्टाच्या आत घातला आणि बेंचला टेकून उभा राहिला, डोळे मिटून. तिघंही धापा टाकत होतो. धावून आल्यासारखे.

शेडच्या दारात आई उभी होती. कधीपासून, ते मी तिला पुढंही कधी विचारलं नाही. तिनं आधी दादाकडं बघितलं, मग आप्पांकडं, मग माझ्या हातातल्या डॉलीकडं.

"दिवस मावळला," ती म्हणाली. "आता कुणी जेवायचं न्हाई."

माझी मुलगी आता वर्षाची होत आलीय. झोपली की तिची नखं काढायची, जागी असताना ती हात देत नाही. तिचं बोट माझ्या दोन बोटांत धरलं की त्यातलं हाड किती असेल, असं मनात येतं. काडेपेटीतल्या काडीएवढं? मग कात्री बाजूला ठेवून मी नुसती ती मूठ धरून बसते.

त्या रात्री दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे कसं झालं?"

"विमानाचा पंखा हातानं फिरवत होतो," आप्पा म्हणाले. "उलटा आला."

"आणि ह्याची बोटं?"

"त्याच पंख्यानं."

"डोकं?"

 डॉक्टर माझ्याकडं वळले. एका बाजूनं केस उपटलेले, गुडघ्यातून रक्त. "मोठा दिसतोय हो पंखा," ते म्हणाले, आणि टाके घालायला घेतले. पुढं काही विचारलं नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

दादाची दोन बोटं मोडली होती. आप्पांच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. बाहेर बाकावर दोघं शेजारी बसले होते, एकाचा डावा हात चांगला, दुसऱ्याचाही डावाच. आप्पा समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "जा तू होसूरला. सोडला तुला."

"मी विचारलं नव्हतं," दादा म्हणाला.

सकाळी मी शेडमध्ये गेले तेव्हा आप्पा कॉकपिटमध्ये बसले होते. डाव्या हातात पटाशी. रेडिओ बाहेर काढून ठेवलेला. खाचेच्या भोवतीचं सागवान ते कणाकणानं उतरवत होते. डाव्या हाताला ते जमत नव्हतं, पटाशी घसरायची, आरशासारख्या पॉलिशवर ओरखडे उठले होते. मी काठाशी उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही.

आई चहा घेऊन आली. कप पंखावर ठेवून तिनं खाली पडलेला एक कपचा उचलला, वास घेतला.

"पाळणा होता हा तुमचा दोघांचा," ती मला म्हणाली. "माळ्यावरनं काढून नेला ह्यांनी. मला वाटलं, सरपणाला."

आप्पांची पटाशी थांबली नाही.

 मी गळ्यातली साखळी काढली, आत शिरले, उलटी झाले. त्यांनी पुढून रेडिओ ढकलला. खट् झालं. टॉर्च लावून बघितलं, उजेडाची रेघ नव्हती. मी पायाचा अंगठा वर केला.

"सेट घे," आप्पा म्हणाले. आदल्या संध्याकाळनंतरचं ते माझ्याशी पहिलं बोलणं. "रस्त्यापर्यंत जा. मी इंजिन लावतो."

शेडपासून शिरोळ रस्त्यापर्यंत आप्पांनी रान सपाट करून सरळ पट्टी काढली होती. त्या पट्टीच्या टोकाशी हात केला की एसटी थांबते. दादा तिथंच उभा होता, पायाशी बॅग, डोक्याला पट्टी. मी हातातला वायरलेस सेट घेऊन चालत गेले. त्याच्या शर्टाची वरची बटणं उघडी होती, एका हातानं लावता आली नव्हती. मी ती लावली.

"चहा तरी प्यालास का?"

"मिरजेला पिईन."

"जेवायचं काय?"

"आईनं दिलंय बांधून. तू बोल गं त्यांच्याशी. वाट बघत असतील."

लांबवर इंजिन सुरू झालं. पंख्याची नुसती चकाकी दिसत होती.

"आप्पा, ऐकू येतंय?" मी सेटमध्ये म्हटलं.

"स्पष्ट. तुला?"

"स्पष्ट."

त्यांनी इंजिन वाढवलं. आवाज पट्टीवरून घरंगळत आमच्यापर्यंत आला. आम्ही थांबलो. आदल्या दिवशी जेवढ्या वेळात रेडिओ मेला होता तेवढा वेळ गेला, मग त्याहून जास्त गेला.

"अजून?"

"स्पष्ट," मी म्हटलं.

"बास. ये परत."

मी परत गेले नाही. हवाईदलात रेडिओवर कामाचं काही सांगितलं, की ऐकणाऱ्यानं ते तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं. तोवर ते पोचलं असं धरत नाहीत. हे आप्पांनीच आम्हांला शिकवलेलं, दोन सेट देऊन, खेळ म्हणून.

"आप्पा, निरोप आहे. परत म्हणून दाखवायचा."

"बोल."

"दादावर, आईवर नाही तर माझ्यावर पुन्हा हात उचललात, तर दुसरा हात मोडीन."

 दादा माझ्याकडं बघायला लागला. "त्रिशू, अगं, घरात तुला राहायचंय..."

"म्हणून दाखवा, आप्पा."

"पुन्हा हात उचलला," आप्पांचा आवाज आला, इंजिनाच्या थरथरीसकट, "तर दुसरा मोडशील."

"कुणावर उचलला तर?"

"भरतेशवर. आईवर. तुझ्यावर."

मी सेट दोन्ही हातांनी धरला. शिरोळच्या बाजूनं एसटी येताना दिसली.

"दुसरा निरोप. भरतेशचे क्रिंप चांगले होते. एकही चुकलेला नव्हता."

काहीच आलं नाही. पंखा तसाच चमकत होता. दादानं बॅग खांद्याला लावली आणि एसटीला हात केला. सवयीनं उजवाच वर गेला, पट्ट्या बांधलेला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली.

"राहू दे गं," दादा म्हणाला. "बस आली."

"थांब."

"काय रे, येतोस का फोटो काढू?" कंडक्टर दारातून ओरडला. मग त्याला दादाचं डोकं दिसलं. "काय झालं रे पोरा?"

दादाचा एक पाय पायरीवर होता. मी सेट त्याच्या कानाला लावला, आणि त्याच्या कानापाशी तोंड नेऊन, बटण दाबून म्हटलं, "म्हणून दाखवा, आप्पा."

खरखर. कंडक्टरनं दोरी ओढायला हात वर नेला होता, तो तसाच ठेवला.

"भरतेशचे..." आप्पा म्हणाले, आणि थांबले. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, "भरतेशचे क्रिंप चांगले होते. एकही चुकलेला नव्हता."

दादा तसाच उभा राहिला, कान सेटला लावून, आता त्यातून काही येत नव्हतं तरी. त्याची मान खाली होती. टाक्यांच्या खाली त्याचा कान लाल झाला होता. मग त्यानं सेट माझ्या हातात दिला.

"इंजिन चालू होतं ना गं, हे म्हणताना?"

"होय. पूर्ण."

त्यानं मान हलवली, डाव्या हातानं दांडी धरली आणि वर चढला.